मोरवंडीची फेरपरीक्षा

"बाई, येवढंच सांगा. एका विषयात गेलो, का सगळ्यात?"

माझा एक पाय एसटीच्या पायरीवर होता, दुसरा मोरवंडी फाट्याच्या धुळीत आणि खांद्यावरची पिशवी दारात अडकलेली. समोर गुंडू कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभे. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना जमाना लोटला होता, पण खाकी शर्ट आणि गळ्यातली शिट्टी यांनी काही त्यांना सोडलं नव्हतं. त्यांच्या मागे रस्त्याच्या कडेला गावातली सगळी म्हातारी मंडळी बसलेली. कुणी काठीवर हनुवटी टेकून, कुणी पदरानं तोंड पुसत. सगळ्यांचे चेहरे निकालाच्या दिवशी असतात तसे.

"कशात गेलात?" मी विचारलं.

"त्येच तर इचारतोय. कशात नापास केलासा आमास्नी?"

"अहो, मी कुणालाच नापास केलेलं नाही!"

"मग परत का आलीस?" मागून शेवंताक्का कडाडल्या. शेवंताक्का म्हणजे गावातली सगळ्यांत धारदार जीभ. घरात त्या आणि एक म्हैस, आणि दोघींत म्हैस गरीब. "गेल्या खेपेला सगळं इचारून गेलीस. आता पुन्यांदा त्येच प्रश्न इचारणार म्हणं. आमी बरोबर सांगितलं असतं तर परत कशाला आली असतीस? माझ्या धाकट्याला धाव्वीला त्येच पेपर परत द्याया लागले व्हते. आमास्नी काय ठावं न्हाई व्हय? ह्याला ऑक्टोबर म्हणत्यात."

महिना डिसेंबरचा होता. एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत ऐकत बसला.

मी पिशवी ओढून काढली आणि रस्त्यातच समजावायला सुरुवात केली. की बाबांनो, ही परीक्षा नाही. यात बरोबर नसतं, चूक नसतं. तुम्हाला जसं वाटतं तसं सांगायचं.

"आसं समदेच मास्तर पेपराच्या आधी सांगत्यात," गुंडू कंडक्टर म्हणाले, आणि मंडळींनी माना डोलावल्या. मग त्यांनी सवयीनं दोनदा शिट्टी फुंकली. ड्रायव्हरनंही सवयीनं गाडी सुरू केली आणि तो निघून गेला.

आता हे सगळं कशापायी, ते सांगायला हवं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गडहिंग्लजची. मानसशास्त्रात एम. ए. झालेली, आणि त्याचं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच न कळल्यामुळे लग्नाला उभी केलेली. तेवढ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सहा महिन्यांचं काम मिळालं. एका परदेशी प्रश्नावलीचं मराठी करायचं. म्हाताऱ्या माणसांना एकटेपणा किती वाटतो, हे मोजायची ती प्रश्नावली. आमच्या प्रमुख डॉ. विनया ओगले. बांधा लहानखुरा, साडी कडक इस्त्रीची आणि बोलणं त्याहून कडक. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाषांतर कुणीही करतं, वैजयंती. प्रश्न त्या माणसाच्या घरात जाऊन बसला पाहिजे."

आणि ते प्रश्न तर आमच्या कुणाच्या घरात बसायला तयारच नव्हते. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला कोणी बाहेर जेवायला बोलावतं का? मोरवंडीत शनिवारी मारुतीला तेल घालतात आणि घरी येतात. तुमचा वाढदिवस किती जणांच्या लक्षात असतो? यावर गुंडू कंडक्टरांनी पहिल्या खेपेला मला ऐकवलं होतं, "माझी तारीख मास्तरांनी शाळेत घालताना लिवली, एक जून. ह्या दौलूची एक जून. त्या सटूबाची एक जून. आख्ख्या गावाचा एकच वाढदिवस. कोण कुणाचा ध्यानात ठेवणार?"

मग मी प्रश्न मोडून नव्यानं बांधले. टीव्हीसमोर एकट्यानं जेवता का, याच्या जागी 'जेवताना तुमच्यासमोर कोण असतं?' असं आलं. वाढदिवस गेला आणि तिथे आलं, 'तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर विचारायला कोण येईल?'

उत्तरांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. मूळ प्रश्नावलीत कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी अशी पाच घरं होती. मोरवंडीत कुणाला विचारलं, की एकटं क्वचित वाटतं का कधीकधी, तर माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग आढ्याकडे आणि मग चहा टाकायला उठायचा. शेवटी मी ती घरंच पाडली आणि आपली मापं घातली. चिमूट, मूठ, ओंजळ, सूप, पोतं. एकटं किती वाटतं? चिमूटभर का पोतंभर? धडाधड उत्तरं यायला लागली. इतकी, की माझं पेन पुरेना.

ओगलेमॅडमना ते मुळीच पटलं नव्हतं. नियमाप्रमाणे आमची मराठी प्रश्नावली दुसऱ्या माणसांनी परत इंग्रजीत नेली, आणि तिकडच्या समितीकडून पत्र आलं, की ही एकाकीपणाची गोणी नेमकी किती किलोची समजायची? मॅडमनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. "फेरचाचणीत टिकलं, तर तुझं पोतं ठेवू. नाहीतर क्वचित-कधीकधी छापू, आणि तुझं कामही तिथेच संपेल."

फेरचाचणी म्हणजे तीच माणसं, तेच प्रश्न, पंधरवड्यानं पुन्हा. तांदळाचं पोतं काट्यावर दोनदा ठेवलं तर दोन्ही वेळा वजन तेच भरलं पाहिजे. मध्ये कुणाच्या आयुष्यात काही घडलेलं नसेल, तर उत्तरंही हलायला नकोत. आणि मोरवंडीत काही घडण्याची शक्यता शून्य. पोरं मुंबई-पुण्याला, सुगी आटपलेली, म्हातारी माणसं आपापल्या उंबऱ्याला टेकून बसलेली. मी हेच गाव त्यासाठी निवडलं होतं. दुसऱ्या फेरीला मॅडम स्वतः येणार होत्या, उद्या सकाळी. मी एक दिवस आधी आले होते ते फक्त वेळा ठरवायला.

संध्याकाळी मी अंगणवाडीच्या बाईंकडे टेकले होते, तेवढ्यात गावातून शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा. मग एकदम पुष्कळ आवाज. मी चपला सरकवून धावत गेले. गुंडू कंडक्टरांच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या आणि फाट्यावरची सगळी मंडळी मांडी घालून बसली होती. ज्यांच्या गुडघ्यांना मांडी झेपत नव्हती ती पाय पसरून. कडेला फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, ताकाचे तांबे, वाट्या. मधोमध कंडक्टर उभे.

"प्रश्न तिसरा!" शिट्टी. "दोन दिस दिसला न्हाईसा, तर इचाराया कोण येणार? हौसा, तू सांग!"

"शेवंता!" हौसाक्का उभ्या राहून ओरडल्या.

"शेवंता, तू?"

"हौसा!"

"दौलू?"

"सटूबा!"

"सटूबा?"

"दौलू! आनि तो न्हाई आला तर कंडक्टर!"

"शाब्बास! प्रश्न चौथा. एकटं किती वाटतं?"

"चिमूट!" अख्खं अंगण गरजलं.

मी कुडाला धरून उभी राहिले. माझं पोतं माझ्या डोळ्यांदेखत फाटत होतं. पहिल्या फेरीत याच माणसांनी मला घरोघर काय सांगितलं होतं, ते माझ्या कागदांवर होतं आणि मला पाठही होतं. कंडक्टरांना विचारलं होतं, जेवताना समोर कोण असतं, तर ते म्हणाले होते, "कॅलेंडर." शेवंताक्का म्हणाल्या होत्या, "चूल." आणि दोन दिवस दिसला नाहीत तर कोण येईल, यावर त्यांनी जरा विचार करून सांगितलं होतं, "म्हस वरडंल. मग येतील लोक. म्हशीला बघाया." एकटं किती? पोतं. दोघांचंही पोतंच. बहुतेकांचं सूप नाहीतर पोतं. आणि आता हे चिमूट!

"अहो, हे काय करताय तुम्ही?" मी अंगणात घुसले. "पाठ नाही करायचं! उत्तरं बदलायची नाहीत!"

"का? ऑक्टोबरला मागचीच उत्तरं लिवायची? मग परत नापासच की," दौलूमामा म्हणाले.

"मास्तरीणबाई, तुमी जावा," कंडक्टर गंभीरपणे म्हणाले. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरनं शिकवणीत दिसू न्हाई. आमच्यावर आळ येतोय पेपर फुटल्याचा."

त्यांनी मला हाताला धरून अदबीनं अंगणाबाहेर काढलं. मागे शिट्टी वाजली. प्रश्न पाचवा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ओगलेमॅडम उतरल्या. वाटेत मी त्यांना सगळं सांगून टाकलं, कारण त्यांच्यापासून काही लपवण्यात अर्थ नसायचा. त्या एकदम थांबल्या. "म्हणजे सगळ्यांनी उत्तरं ठरवून पाठ केली आहेत?"

"हो."

"सगळ्यांनी?"

"म्हशीचं माहीत नाही," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

मॅडम हसल्या नाहीत. "पाठांतर पकडायला एकच उपाय. प्रत्येक उत्तराला उदाहरण मागायचं. काल काय झालं, परवा काय झालं. पाठ केलेल्या माणसाकडे कालचा दिवस नसतो."

कंडक्टरांच्या घराबाहेर परीक्षेचं वातावरण होतं. कुणी कपाळाला अंगारा लावून आलेलं, हौसाक्का प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर घालत होत्या. पेन्सिली गावानं स्वतःच्या आणल्या होत्या, टोकं काढून. लिहिणार मी, हे दोनदा सांगूनही कुणी पेन्सिल खाली ठेवेना.

पहिला नंबर शेवंताक्कांचा. आत येऊन त्या देवाला हात जोडून बसल्या. मॅडमनी मागच्या फेरीचा त्यांचा कागद मांडीवर घेतला.

"जेवताना तुमच्यासमोर कोण असतं?" मी विचारलं.

"हौसा."

"दोन दिवस दिसला नाहीत, तर विचारायला कोण येईल?"

"हौसाच. तिला न्हाई जमलं तर कंडक्टर शिट्टी मारत येतोय."

"एकटं किती वाटतं? चिमूट, मूठ, ओंजळ, सूप, का पोतं?"

"चिमूट."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शेवंताबाई, मागच्या वेळी तुम्ही पोतं म्हणाला होतात. आणि ह्या हौसाबाईंशी तर तुमचं बोलणंच नाही, असं इथे लिहिलंय."

ते खरं होतं. दोघींच्या घरांची भिंत एक. बांधावरच्या फणसावरून भांडण झालं, तेव्हापासून अबोला. शेवंताक्कांचा नातू तेव्हा रांगत होता. आता तो ठाण्याला रिक्षा चालवत होता.

"तवा न्हवतंच बोलणं," शेवंताक्का म्हणाल्या. "पर बाई, मागल्या खेपेला ह्या पोरीनं इचारलं, कोण येईल. मी आपली म्हशीचं सांगून बसलो. परत येणार म्हणाली, तवाच कळलं, चुकलं. कंडक्टर म्हणाला, बरोबर उत्तर माणसाचं नाव हाय, जनावराचं न्हाई. आता नाव कुणाचं सांगू? भिताडाला लागून तर हौसाच."

"मग तुम्ही तिचं नाव पाठ केलंत."

शेवंताक्का ताठ झाल्या. "पाठ? आनि ती येतच न्हाई तर? खोटं लिवून पास व्हायचं? तसलं आमच्या घराण्यात न्हाई! माझा धाकटा तीनदा ऑक्टोबरला बसला, पर कॉपी न्हाई केली त्येनं." त्यांनी श्वास घेतला. "गेलो तिच्या दारात. म्हटलं, हौसे, माझ्या पेपरात तुझं नाव लिवायचं हाय. तर उद्यापासनं सकाळी मला इचाराया येत जा. खोटं नको व्हायाला."

मॅडमचा चष्मा जरा खाली आला. "मग?"

"ती म्हणाली, येतो. पर माझ्या पेपरात तुझं नाव घालनार, मग तूबी यायचं. म्हटलं, येतो. ती सकाळी येती, मी सांजंला जातो. पयल्या दिशी दारातनंच इचारलं, हाईस का. ती म्हणाली, हाय. झालं. दुसऱ्या दिशी म्हणाली, च्या घे. तिसऱ्या दिशी फणसावनं परत भांडलो. त्ये ऱ्हायलंच व्हतं."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम कागदाकडे बघत होत्या, पण वाचत काहीच नव्हत्या.

"आणि जेवण?"

"त्येचंबी तसंच. बरोबर उत्तर म्हंजी समोर माणूस पायजे. मग कंडक्टर म्हणाला, समद्यांनी आपापली भाकरी घिऊन शिकवणीला यायचं. समोरासमोर बसायचं. म्हंजी खोटं न्हाई. काल दौलूनं असला खर्डा आणला, सटूबाचं तोंड भाजलं. त्यो म्हणाला, ह्येला शंभरातलं शून्य द्या." आणि शेवंताक्का स्वतःच हसायला लागल्या. सगळं अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आधी मला हसू फुटलं. मी कागदात तोंड घातलं. मग माझ्या शेजारून एक बारीकसा आवाज आला, झाकणाखाली वाफ कोंडल्यासारखा. ओगलेमॅडम हसत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तो उपयोगी पडला नाही, चष्मा काढला, तो हातातून पडला. तो उचलायला आम्ही दोघी एकदम वाकलो, डोकी आपटली आणि मग जे काही हसू सुटलं ते सुटलंच. बाहेरची मंडळी दाराशी गोळा झाली. "पयलीच हसवाया लागली मास्तरणींस्नी," कुणीतरी म्हणालं. "तिला पैकीच्या पैकी."

हसू ओसरल्यावर मॅडमनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मग आक्का, ती चिमूट तरी कशाला ठेवलीत?"

शेवंताक्कांनी लुगड्याचा काठ सारखा केला. "पोरं लांब हाईत की. तेवढं ऱ्हाणारच. चिमूटभर चालतंय, मिठागत. पोतं उचलत नव्हतं बाई."

मला एकदम भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडमनीही लपवलं नाही.

मग दिवसभर तेच. गुंडू कंडक्टर आले. समोर कोण असतं? "माणसं मावंनात. कॅलेंडर काढून तिथं कंदील लावलाय, चटणी का खर्डा कळाया पायजे म्हणून." दौलूमामा आले. सटूबा आले. हौसाक्का आल्या आणि त्यांनी फणसाची बाजू मांडली. कुणाकडेही कालचा दिवस नाही असं झालं नाही. एकेकाकडे इतका काल होता, की दुपारी जेवायला आम्हाला वेळ मिळेना. शेवटी त्यांनीच आम्हाला मधे घेतलं, समोरासमोर बसवलं आणि नाचण्याची भाकरी वाढली.

संध्याकाळी मॅडम आणि मी कंडक्टरांच्या पुढच्या सोप्यावर कागद पसरून बसलो. पहिली फेरी डावीकडे, दुसरी उजवीकडे. एकही उत्तर जुळत नव्हतं. म्हणायला सुद्धा एक नाही.

"पार कोसळलं," मॅडम म्हणाल्या. "मी इतकी वाईट फेरचाचणी आयुष्यात पाहिलेली नाही."

मी मान खाली घातली. गडहिंग्लज डोळ्यांपुढे आलं. आईनं काढून ठेवलेली साडी, आणि बेळगावकडचं ते स्थळ, ज्याला वाचनाची आवड होती म्हणे.

"तोंड पाडू नकोस. माणूस तोच, प्रश्न तोच, मग उत्तर का हललं? कारण माणूसच हलला." त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या पोत्यानं खोटं वजन दाखवलेलं नाही, वैजयंती. पोतं हलकं झालं ते त्यानं बरोबर पकडलं. बदल पकडता येतो का, याची वेगळी चाचणी असते आणि तिच्यासाठी लोक वर्षभर थांबतात. आपल्याला पंधरवड्यात मिळाली. फेरचाचणीला दुसरं गाव बघ. आणि तिथं परत येणार म्हणून सांगताना परीक्षेचं नाव काढू देऊ नकोस कुणाला."

"म्हणजे चिमूट ते पोतं..."

"राहील. त्या गोणीवाल्या पत्राला मी उत्तर लिहिते. गोणी माणसागणिक वेगळी असते म्हणून."

मला उठून नाचावंसं वाटलं. मी उठले आणि सोप्याच्या वाशावर डोकं आपटून परत खाली बसले. एका दिवसात ते दुसऱ्यांदा.

परतीच्या गाडीला सगळं गाव फाट्यावर आलं. गाडीचा धुरळा वळणावर दिसायला लागला, तसे कंडक्टर मला हळूच बाजूला घेऊन गेले. सकाळपासूनचा त्यांचा तोरा कुठे गेला होता कोण जाणे. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"बाई, एक इचारू? पास झालो म्हंजी मग शिकवणी संपली न्हवं?"

मला पहिल्यांदा नीट कळलं, की हा माणूस मला काय विचारतो आहे. काल माझ्या एसटीसमोर पास होण्यासाठी उभा राहिला होता तोच.

"न्हाई, म्हंजी," ते घाईनं म्हणाले, "मार्कं थोडी कमी पडली तरी आमची तक्रार न्हाई. शेवंता सोडली तर बाकीचे कच्चेच हाईत. दौलूचं तर काय खरं न्हाई."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओगलेमॅडम म्हणजे आयुष्यात कधी एक दशांशही इकडचा तिकडे न करणारी बाई. त्यांनी कडक इस्त्रीचा पदर खांद्यावर घट्ट केला आणि सगळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निकाल ऐका," त्या म्हणाल्या.

काठ्या आपटायच्या थांबल्या. हौसाक्कांनी शेवंताक्कांचा हात धरला.

"सगळे नापास."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"सगळे म्हंजी मीबी?" शेवंताक्का.

"तुम्हीसुद्धा. पुढच्या वर्षी पुन्हा फेरपरीक्षा. तोपर्यंत शिकवणी रोज झाली पाहिजे, एक दिवसही खाडा नको. भाकरी घेऊन यायचं, समोरासमोर बसायचं. वैजयंती येऊन तपासेल."

गुंडू कंडक्टरांचा चेहरा असा उजळत गेला, की तेवढा आनंद मी नंतर पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराच्याही तोंडावर पाहिलेला नाही. "नापास!" ते ओरडले. "आयकलासा? समदे नापास! उद्या सांजंला येळंवर या!" आणि त्यांनी शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली, की बैल बुजले. दौलूमामा काठी वर करून नाचले. सटूबा त्यांना सावरायला गेले आणि दोघंही धुळीत बसले. शेवंताक्का तेवढ्या कुरकुरत होत्या, की माझे मार्क परत मोजा, मी हसवलं होतं. पण कुरकुरतानाही हौसाक्कांचा हात त्यांनी सोडला नव्हता.

गाडीत मॅडम खिडकीशी बसल्या. फाटा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "मी आज पहिल्यांदा निकाल खोटा दिला."

"मॅडम, निकाल खोटा कसा? कागदाप्रमाणे फेरचाचणीत ते नापासच आहेत."

त्यांनी जरा विचार केला. "खरंच की," त्या म्हणाल्या, आणि आजऱ्यापर्यंत एकट्याच हसत राहिल्या.

दुसरं गाव मिळालं. तिथे उत्तरं जागची हलली नाहीत. प्रश्नावली छापली गेली, चिमूट-मूठ-ओंजळ-सूप-पोतं यांसकट, आणि अजून वापरतात. बेळगावचं स्थळ दुसरीकडे गेलं, मला नोकरी लागली, आणि दरवर्षी डिसेंबरात मी एक दिवस रजा टाकून मोरवंडीला जाऊ लागले. प्रश्न विचारायचे, भाकरी खायची, सगळ्यांना नापास करायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची. त्या गावाइतकं खुशीत नापास होणारं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल.

एका वर्षी गाडीतून उतरले, तर फाट्यावर शिट्टी वाजली नाही. मी चालत गावात गेले. अंगणात चटया होत्या. फडक्यातल्या भाकऱ्या होत्या. भिंतीवर कंदील होता. मधोमध हौसाक्का उभ्या होत्या आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात होती.

मी काही विचारायच्या आत शेवंताक्का सरकल्या आणि चटईवर माझ्यासाठी जागा केली.

"श्रावणात गेला," त्या म्हणाल्या. "एक दिस खाडा न्हाई क्येला. आदल्या सांजंला बी शिकवणी घेतली त्येनं. त्यो कंडक्टर तेवढा पास झाला बघ. आमचं अजून ऱ्हायलंय."

त्यांनी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. हौसाक्कांनी शिट्टी फुंकली आणि पहिला प्रश्न विचारला, तो मलाच. जेवताना समोर कोण असतं? मी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि एकेकाचं नाव सांगायला लागले.